गाडी स्टार्टलाच उचक्या देतेय? सेन्सर्ड की सेन्सरलेस, कसं ठरवायचं आणि कसं बसवायचं

पुण्यात सूस रोडच्या पुढे एका मित्राच्या ओळखीतला मोकळा प्लॉट आहे, तिथे आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी आरसी (रिमोट कंट्रोलच्या) गाड्यांची शर्यत लावतो. ट्रॅक म्हणजे काय तर मुरमावर ठिबकचा जुना पाइप खिळ्यांनी ठोकलाय, बास. तर तिथे माझी पहिली शर्यत. हातात नवी कोरी सेन्सरलेस मोटरवाली १/१० (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याची) बग्गी, घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सरळ पळवून बघितलेली, सगळ्यात फास्ट आपलीच असणार अशी खात्री. स्टार्ट झाला, सगळे गेले, आणि माझी गाडी जागेवर डुगडुग-डुगडुग करतेय, नवशिक्याने क्लच सोडल्यावर स्कूटर मारते तसे आचके, आणि मग एकदम सुटली ती सरळ पाइपावर. पाच मिनिटांच्या शर्यतीत हे प्रत्येक हेअरपिनला (यू-टर्नसारख्या वळणाला) होत होतं. सरळ पट्ट्यावर मी सगळ्यांना खात होतो आणि वळणावर सगळे मला.

हे लिहायचं कारण म्हणजे नवीन येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, 'सेन्सर्ड फास्ट का सेन्सरलेस फास्ट?' प्रश्नच चुकीचा आहे. टॉप स्पीडला दोन्हीत तसा फरक नसतो. फरक आहे तो पहिल्या दोन मीटरमध्ये, गाडी थांबलेली असताना किंवा जवळजवळ थांबलेली असताना. त्यामुळे मोटर घ्यायच्या आधी एकच गोष्ट मोजा: तुमची गाडी एका लॅपमध्ये किती वेळा जवळपास थांबते. आमच्या ट्रॅकवर तीन हेअरपिन, लॅप साधारण २० सेकंदांचा, म्हणजे ५ मिनिटांत १५ लॅप, म्हणजे ४५ वेळा गाडी रांगत येऊन पुन्हा सुटते. तिथे सेन्सर्ड घ्यायची, विषय संपला. पण तुम्ही नुसतं मैदानात फुल थ्रॉटल मारत उड्या मारणार असाल तर सेन्सरचे पैसे उगाच घालू नका.

आता हे का होतं ते नीट समजून घ्या, पुढचं सगळं सेटिंग त्याच्यावरच आहे.

ब्रशलेस मोटरमध्ये मधे फिरतं ते मॅग्नेट, म्हणजे रोटर, आणि बाहेर तीन वाइंडिंग. कुठल्या वाइंडिंगला कधी करंट द्यायचा हे ठरवते ईएससी (इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर), आणि ते बरोबर ठरवायला तिला रोटर आत्ता कुठल्या कोनात उभा आहे हे माहीत लागतं. गावाकडचं जातं आठवा. खुंटा धरून फिरवायचं. आता समजा लाइट गेलीये आणि खुंटा कुठे आहे दिसत नाहीये, तर तुम्ही अंदाजाने हात मारणार, कधी खुंटा सापडेल, कधी उलटीकडे ढकललं जाईल, जातं जागच्या जागी हलेल. पण एकदा का ते फिरायला लागलं की घरघर ऐकून अंधारातसुद्धा कळतं आता खुंटा आपल्याकडे येतोय, आता मारा धक्का. सेन्सरलेस म्हणजे अगदी हेच. मोटर फिरत असताना ज्या वाइंडिंगला त्या क्षणी करंट दिलेला नसतो त्यात मॅग्नेटमुळे उलटा व्होल्टेज तयार होतो, बॅक ईएमएफ म्हणतात त्याला, तो वाचून ईएससी रोटरची जागा ओळखते. पण मोटर थांबली की बॅक ईएमएफ शून्य. घरघरच नाही तर ऐकणार काय? मग ती आंधळेपणाने एक-दोन धक्के मारून बघते, बरोबर बसले तर सुटते, नाही तर उचक्या. यालाच सगळे कॉगिंग म्हणतात.

सेन्सर्ड मोटरमध्ये मागच्या झाकणात एक छोटा बोर्ड असतो, त्याच्यावर तीन हॉल सेन्सर. मॅग्नेट जवळ आलं की सेन्सरचं आउटपुट बदलतं (एडविन हॉल नावाच्या माणसाने १८७९ साली शोधलेला परिणाम हा, त्याला काय माहीत आपण त्याच्यावर खेळण्यातल्या गाड्या पळवणार). तीन सेन्सर मिळून सहा वेगवेगळ्या स्थिती देतात, एकेक ६० डिग्रीची, त्यामुळे मोटर पूर्ण थांबलेली असली तरी रोटर कुठल्या ६० डिग्रीत आहे ते ईएससीला पहिल्या क्षणापासून माहीत. अंधार नाहीच. म्हणून ट्रिगर केसभर दाबला तरी गाडी लोण्यासारखी निघते.

मग सगळ्यांनी सेन्सर्डच का घेऊ नये? एक म्हणजे महाग. दुसरं, वायर आणि बोर्ड या दोन जास्तीच्या गोष्टी आल्या, आणि जास्तीची गोष्ट म्हणजे बिघडायला जास्तीची जागा. आणि तिसरं पुण्याचं. आपल्याकडे मे महिन्यात मुरमाचा जो बारीक फुफाटा उडतो तो रेसिंगच्या उघड्या सेन्सर्ड मोटरमध्ये बरोबर शिरतो, आणि जूनपासून चिखल. सेन्सरलेस मोटरचा डबा बंद असतो, त्यात नाजूक काही नाही, चिखलातून काढा, सुकवा, बेअरिंगला तेल द्या, चालू. माझ्याकडे पावसाळ्यासाठी तीच जुनी सेन्सरलेस आहे अजून, विकली नाही.

मधला रस्ता पण आहे. काही ईएससी स्टार्टला सेन्सर वापरतात आणि मोटरने वेग घेतला की सेन्सरलेसवर जातात, कॅसलची स्मार्टसेन्स अशीच, टेकिनची आरएक्स८ पण. १/८ च्या जड गाड्यांना हे फार छान बसतं. तसं १/८ मध्ये नुसती सेन्सरलेसही बरीच जण चालवतात, कारण तिथे मोटर ४ पोलची आणि कमी केव्हीची (केव्ही म्हणजे एका व्होल्टला किती आरपीएम, बिनलोडचे) असते, कमी केव्ही म्हणजे तेवढ्याच फेऱ्यांत जास्त बॅक ईएमएफ, म्हणजे ईएससीला लवकर ऐकू येतं. याच्या उलट १/१० मध्ये स्वस्तातली ४०००-५००० केव्हीची मोटर घेतली आणि वर पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) मोठा लावला की उचक्या ठरलेल्या. ३५०० केव्ही २एस लायपोवर (दोन सेलची लिथियम बॅटरी, ७.४ व्होल्ट) ७.४ गुणिले ३५०० म्हणजे २५,९००. आकडा बघून हुरळू नका, तो कागदावरचा.

स्टॉक क्लास (सगळ्यांना ठरावीक वेढ्यांचीच मोटर) खेळायचा असेल तर निवडायचा प्रश्नच नाही, १७.५ टर्न किंवा १३.५ टर्नची सेन्सर्ड मोटर आणि ब्लिंकी मोडची ईएससी, म्हणजे ईएससीने स्वतःचं टायमिंग (करंट थोडा आधीच द्यायची युक्ती) शून्य ठेवायचं, आणि ते शून्य आहे हे दाखवायला तिचा एलईडी लुकलुकत राहतो, बघणाऱ्याला लांबून कळतं की यानं लबाडी केलेली नाही. टर्न म्हणजे वाइंडिंगचे वेढे, वेढे कमी तेवढी मोटर तेज आणि तेवढी भुकेली. नवीन माणसाने १७.५ ने सुरू करा. खरंच सांगतो, १७.५ स्लो वाटते पण लॅप टाइम तिचाच चांगला येतो कारण गाडी पाइपावर जात नाही.

बसवायचं कसं ते सांगतो, इथे चुका महागात पडतात.

सेन्सरलेसचं सोपं आहे. तीन वायरी कशाही जोडा, गाडी उलटी पळाली तर कुठल्याही दोन आपापसात बदला. हीच सवय घेऊन लोक सेन्सर्डकडे येतात आणि वाट लावतात. सेन्सर्डमध्ये मोटरच्या ए ला ईएससीची ए, बी ला बी, सी ला सी, यात तडजोड नाही. सेन्सर सांगणार एक आणि करंट जाणार भलतीकडे, मग मोटर गुरगुरते, तापते, आणि ईएससीचे एफईटी (करंट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर) उडू शकतात. उलटी पळत असेल तर प्रोग्रॅम बॉक्समध्ये (ईएससीचं सेटिंग बदलायचा छोटा डबा) जाऊन मोटरची दिशा बदलायची, वायरींना हात लावायचा नाही. काही ईएससीत ए आणि सी अदलाबदलीची सोय मेनूत असते, ती मेनूत दिसली तरच करा.

सेन्सर्ड मोटरला बहुतेक वेळा टॅबवर थेट सोल्डर करायचं असतं. बारीक २५ वॉटची गन घेऊन बसू नका, टॅब जाड असतो, तो सगळी उष्णता खातो, तुम्ही मिनिटभर धरून बसता आणि ती उष्णता आत सेन्सर बोर्डापर्यंत पोचते. ६० वॉट किंवा वरची, रुंद टोकाची, आधी टॅबला आणि वायरला वेगवेगळं सोल्डर लावून घ्या, मग दोन्ही टेकवून दोन-तीन सेकंदांत काम झालं पाहिजे. फ्लक्स कंजूषी न करता. जॉइंट चकचकीत दिसला तर ठीक, मातकट आणि दाणेदार दिसला तर परत करा, कारण कच्च्या जॉइंटने सुद्धा मोटर उचकते आणि आपण सेन्सरला शिव्या देत बसतो.

मोटर चासीला धरणारे स्क्रू एम३. लांबी बघा! जास्त लांब स्क्रू झाकणातून आत जाऊन वाइंडिंगला टेकतो आणि मोटर गेली. माझी एक अशीच गेलीये, डब्यात हाताला लागला तो स्क्रू लावला, पहिल्याच लॅपला धूर. तेव्हापासून मोटरचे स्क्रू वेगळ्या डबीत.

सेन्सर वायर. हिच्यावर थोडं जास्त लिहितो कारण सेन्सर्डची निम्मी दुखणी इथूनच येतात. सहा पिनांचा बारीक कनेक्टर असतो, १.५ मिमी पिचचा जेएसटी झेडएच, आणि चांगली गोष्ट अशी की हे जवळजवळ सगळ्या कंपन्यांनी एकच ठेवलंय, एकीची मोटर आणि दुसरीची ईएससी सहसा जमते. एक नंबरची पिन ग्राउंड, मग सी, बी, ए चे तीन सेन्सर, पाचवी मोटरचं तापमान, सहावी ५ व्होल्ट. वायर सरळ असते, एकला एक, दोनला दोन. तपकीर गल्लीत (पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) विचारायला गेलात तर नुसतं 'जेएसटी द्या' म्हणू नका, लायपोच्या बॅलन्सचा २.५ चा एक्सएच हातात ठेवतील, झेडएच, सहा पिन, १.५ असं पूर्ण सांगा. वायर बसवताना कनेक्टरला धरून दाबा, वायरींना नाही. काढताना तर अजिबात नाही. ती मोटरच्या तीन जाड वायरींना चिकटवून समांतर नेऊ नका, त्यातून करंटचे जे झटके जातात त्यांचा गोंगाट सेन्सरच्या सिग्नलवर चढतो. थोडी ढिलाई ठेवा, चासी वाकते तेव्हा ताण यायला नको, पण एवढी पण नाही की स्परमध्ये (पिनियन फिरवतो तो मोठा गिअर) अडकेल. आणि मोटरच्या पोर्टवर इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा, धुळीसाठी. दिसायला गबाळं दिसतं, दिसू दे.

आता चाकं जमिनीवरून उचलून, गाडी डब्यावर ठेवून, ट्रान्समीटर आधी चालू आणि मग गाडी. थ्रॉटल कॅलिब्रेट करा: न्यूट्रल, फुल पुढे, फुल ब्रेक, ज्या क्रमाने मॅन्युअल सांगतं त्या क्रमाने. मग अगदी हळू ट्रिगर दाबून बघा चाकं सुरुवातीपासून गुळगुळीत फिरतात का. हवेत फुल थ्रॉटल धरून मित्रांना आवाज ऐकवू नका, बिनलोडची मोटर नको तेवढी फिरते, रोटरला ते चांगलं नाही.

टायमिंग. सेन्सर्ड मोटरच्या मागच्या झाकणावर डिग्रीच्या खुणा असतात, स्क्रू ढिले करून झाकण फिरवलं की सेन्सर बोर्ड फिरतो, म्हणजे ईएससीला प्रत्येक बातमी थोडी आधी मिळते. टायमिंग वाढवलं की वरचे आरपीएम वाढतात, करंट वाढतो, मोटर तापते, आणि खालचा जोर थोडा जातो. नवीन मोटर ३० च्या आसपासच्या खुणेवर ठेवून सुरू करा, मूळ जागेवर बायकोच्या किंवा बहिणीच्या नेलपेंटने एक रेघ मारून ठेवा, विचारून. मग एका वेळी दोन-तीन डिग्रीच. एक गंमत लक्षात घ्या, झाकणाचं हे टायमिंग फक्त सेन्सर वाचले जात असतानाच लागू असतं. शर्यतीत सेन्सर वायर सुटली तर बऱ्याच ईएससी आपोआप सेन्सरलेसवर जातात, गाडी बंद पडत नाही, पण स्टार्टला उचकायला लागते आणि सरळ पट्ट्यावर पण चव बदलते. 'अचानक गाडी मेली' म्हणून बॅटरीला दोष देणारे निम्मे जण या प्रकारातले असतात, आधी वायर बघा.

गिअरिंगचं गणित एकदाच करा. स्परचे दात भागिले पिनियनचे दात, गुणिले गाडीचा आतला रेशो. स्पर ७८, पिनियन २६, म्हणजे ३, आतला २.६ असेल तर ७.८. पिनियन २४ केला तर ८.४५, गाडी खाली जोरात, वर हळू, मोटर थंड. ५ मिनिटं पळवून मोटरचं तापमान बघा, मी बाहेरून ८० डिग्रीच्या पुढे जाऊ देत नाही. मोजायला कोविडमध्ये कपाळावर धरायचे ती गन काढू नका, बॉडी मोडमध्ये ती ४३ च्या आसपास हात टेकते. इंडस्ट्रियल इन्फ्रारेड गन लागते, आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर ती पण खोटं कमी दाखवते, म्हणून मोटरवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्याच्यावर मारा. एप्रिलमध्ये दुपारी बाहेरच ३९-४० असतं, तेव्हा थंडीतल्या सेटिंगवर पळवलंत तर मोटर शिजणारच, मी मार्चनंतर पिनियनचा एक दात कमी करतो.

ज्यांच्याकडे आधीच सेन्सरलेस आहे आणि आत्ता पैसे घालायचे नाहीत त्यांनी निराश होऊ नका, उचक्या बऱ्याच कमी होतात. पिनियन दोन दात लहान करा, हा सगळ्यात मोठा इलाज. लायपो जुनी, फुगलेली असेल तर स्टार्टच्या करंटला व्होल्टेज बसतो आणि ईएससी गोंधळते, चांगली बॅटरी लावून बघा, ईएससीवर कपॅसिटर पॅक लावला तर अजून बरं. ईएससीतला पंच किंवा स्टार्ट मोड, म्हणजे सुरुवातीचा धक्का किती जोराचा ते सेटिंग, खाली आणा. मेश, म्हणजे पिनियन-स्परचे दात एकमेकांत बसतात ते, घट्ट आहे का बघा, मग मोटर काढून हाताने चाकं फिरवा, कुठे जड लागतंय का, बेअरिंगमध्ये मुरूम गेलाय का. आणि चालवायची पद्धत बदला: हेअरपिनला पूर्ण थांबवायचंच नाही, गाडी थोडी रांगती ठेवायची, घरघर चालू राहिली पाहिजे. मी पहिले सहा महिने असेच काढले आणि त्याने माझं ड्रायव्हिंग सुधारलं हे मान्य करावं लागेल.

सेन्सर्ड असून उचकत असेल तर क्रम असा ठेवा. आधी वायर दोन्ही बाजूंनी काढून परत बसवा. मग दुसरी वायर लावून बघा, बरेचदा विषय इथेच मिटतो. मग मोटरमध्ये ब्लोअरने हवा मारून धूळ काढा, पाणी किंवा ब्रेक क्लीनर नको. तरी नाही तर मल्टिमीटर घ्या, ईएससी चालू ठेवून, ट्रिगरला हात न लावता, ग्राउंड आणि एकेका सेन्सर पिनमध्ये व्होल्टेज बघत चाक हाताने हळूहळू फिरवा. हे करताना मोटरच्या तीन जाड वायरी सोडवून ठेवता आल्या तर उत्तम, बोटं आपलीच असतात. प्रत्येक सेन्सर खाली-वर, खाली-वर झाला पाहिजे. एखादा एकाच जागी अडकून बसला तर तो सेन्सर गेला. तिन्ही एकदम वर किंवा तिन्ही एकदम खाली असं चांगल्या मोटरमध्ये कधीच होत नाही, दिसलं तर तिथेही काहीतरी मेलेलं आहे. काही रेसिंग मोटरींना सेन्सर बोर्ड वेगळा मिळतो, तेवढाच बदला, पूर्ण मोटर टाकू नका.

आणि स्पेअर वायर दोन तरी डब्यात ठेवा. मागवायच्या आधी सुतळीचा तुकडा ईएससीच्या पोर्टपासून मोटरच्या पोर्टपर्यंत, जशी वायर खरंच वळत जाणार तशी ठेवून मोजा आणि वर दोन सेंटिमीटर धरा. मी डोळ्याने मापून मागवली होती, ती नेमकी एक सेंटिमीटर कमी पडली, आणि अजून तशीच पाकिटात आहे, कोणाला छोट्या चासीसाठी हवी असेल तर रविवारी प्लॉटवर येऊन घेऊन जा.